नवव्या बेटावरची हाउपिया

लास वेगासच्या जुन्या भागात ‘कॅलिफोर्निया’ नावाचं एक हॉटेल आहे. नाव एका राज्याचं, पत्ता शेजारच्या नेवाडाच्या वाळवंटातला, आणि उतरायला येणारी माणसं मोठ्या संख्येनं हवाईची. सॅम बॉइड यांनी हे हॉटेल १९७५ साली सुरू केलं. उमेदीच्या वयात ते काही काळ हवाईत राहिलेले होते. वेगासच्या झगमगाटात नव्या माणसाला जागा मिळवायची तर आपलं गिऱ्हाईक वेगळं हवं, हे ओळखून त्यांनी थेट हवाईच्या लोकांना साद घातली. जेवणात भात ठेवला, बेटांवर आवडीनं प्यायलं जाणारं बैलाच्या शेपटीचं सूप ठेवलं. लोक सुट्टीला येऊ लागले, आणि पुढे काही जण बाडबिस्तारा घेऊन राहायलाच आले. हवाईची मुख्य बेटं आठ. म्हणून हवाईची माणसं वेगासला ‘नववं बेट’ म्हणतात.

या स्थलांतरामागचं कारण रोकडं आहे. हवाईत घर घेणं तिथल्याच माणसाला परवडेनासं झालं. २०२०च्या अमेरिकी जनगणनेत दिसून आलं की मूळ हवाईयन वंशाचे निम्म्याहून जास्त लोक आता हवाईत राहतच नाहीत. ते मुख्य भूमीवर आहेत: कॅलिफोर्नियात, नेवाडात, वॉशिंग्टन राज्यात. होनोलुलूत १९६६ साली सुरू झालेल्या ‘झिपीज’ या घरगुती जेवणाच्या साखळीनं बेटांबाहेरची आपली पहिली शाखा २०२३ साली उघडली, ती वेगासमध्येच. माणसं गेली, त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघर गेलं.

अशा घरातल्या माणसाला थंडीच्या दिवसांत एकाएकी गोडाची ओढ लागते, तेव्हा त्याला केक नको असतो की आइस्क्रीम नको असतं. त्याला हवी असते हाउपिया. बोटाच्या दोन पेरांएवढा चौकोन, पांढराशुभ्र, चकचकीत, फ्रिजमधून काढलेला. बेटांवरची लग्नं, मुलाचा पहिला वाढदिवस, शाळेचा निधी जमवण्याचा कार्यक्रम, अगदी अंत्यविधीनंतरचं जेवणसुद्धा, यांपैकी बहुतेक प्रसंगी ती पानात असते. मुलाचा पहिला वाढदिवस तर हवाईत लग्नासारखा करतात. शेकडो माणसं जेवतात. तेव्हा हाउपियाची ओढ म्हणजे त्या पंगतीची ओढ, असं मला वाटतं. तो चौकोन एकट्यानं खायचा पदार्थ म्हणून कुणाच्याच आठवणीत नसतो.

कोकणातल्या ज्या घरांत तवकिराची नारळाच्या दुधातली वडी होते, त्यांना हाउपिया समजावून सांगायला फारसे शब्द लागणार नाहीत. साहित्य तीनच: नारळाचं दूध, साखर आणि कॉर्नफ्लोअर. प्रमाणही सरळ आहे. ४०० मिलीलिटर दाट नारळाचं दूध, त्याच्या निम्मं पाणी, अर्धा कप साखर आणि पाच-सहा टेबलस्पून कॉर्नफ्लोअर. कॉर्नफ्लोअर आधी थंड पाण्यात कालवायचं, नाहीतर गुठळ्या होतात आणि त्या पुढे मोडत नाहीत. दूध-साखर मंद आचेवर ठेवायची, कडेला बारीक बुडबुडे दिसले की कालवलेलं कॉर्नफ्लोअर धारेनं सोडायचं आणि हात थांबवायचा नाही. मिनिटभर काहीच होत नाही. मग तळाशी चमचा जड लागतो, आणि बघता बघता सगळं मिश्रण घट्ट होऊन त्याला तकाकी येते. कच्च्या पिठाचा वास जाईपर्यंत आणखी थोडा वेळ ढवळून ताटात ओतायचं, निववायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं आणि वड्या पाडायच्या. वेलची नाही, केशर नाही, सुकामेवा नाही. चिमूटभर मीठ घातलं तर घातलं.

इतक्या साध्या पदार्थात बिघडण्यासारखं काय असणार, असं वाटतं. पण जितकं साहित्य कमी, तितकी प्रत्येकाची वागणूक उघडी पडते. मक्याच्या पिठुळ कणांना पाणी आणि उष्णता मिळाली की साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते फुगू लागतात. फुगता फुगता त्यांच्यातून अमायलोज नावाचे लांब, सरळ रेणू बाहेर पडतात. गरम असेपर्यंत हे रेणू मोकळे फिरत असतात, म्हणून मिश्रण ओतता येतं. गार होऊ लागलं की ते एकमेकांना धरतात, त्यांचं जाळं तयार होतं आणि त्या जाळ्यात दूध अडकून बसतं. मक्याच्या स्टार्चमध्ये अमायलोजचा वाटा सुमारे पाव, म्हणून जाळं ताठ होतं आणि सुरीनं कापलं की कड स्वच्छ राहते. टॅपिओकाच्या पिठात तो वाटा कमी, त्यामुळे त्याची वडी लवचिक आणि चिकट होते. हवाईच्या माणसाला ती पहिल्या घासातच परकी लागते.

दुसरा खेळ नारळाच्या चरबीचा. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास वितळतं, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. थंडीत बाटलीतलं तेल गोठतं ते त्यामुळेच. फ्रिजमध्ये हाउपियातली चरबीही गोठते, म्हणून वडी हाताला घट्ट लागते. तोंडात गेली की शरीराच्या उबेनं ती चरबी वितळते, आणि तिच्यात मुरलेला सुगंध त्या क्षणी सुटतो. नारळाच्या ओळखीच्या वासामागे लॅक्टोन नावाची संयुगं असतात. ती चरबीत सहज मुरतात आणि ऊब मिळाली की हवेत निघतात. तोंडातून घशामागच्या वाटेनं ती नाकात चढतात. आपण ज्याला चव म्हणतो, तिचा मोठा हिस्सा याच मागच्या दारानं येतो. वासाचे संदेश मेंदूतल्या भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार थोड्या टप्प्यांत पोचतात; डोळ्यांनी पाहिलेल्या किंवा कानांनी ऐकलेल्या गोष्टीला त्यामानानं लांबचा वळसा पडतो. म्हणून बेटांचा फोटो पाहून जे होत नाही, ते त्या गार चौकोनाच्या पहिल्या घासाला होतं.

मुख्य भूमीवर हाउपिया करायला बसलेल्या माणसाची फसगत बहुतेक वेळा डब्यापाशी होते. अमेरिकी दुकानात नारळाच्या दुधाशेजारी, तशाच डब्यात, कॉकटेलसाठीचं गोड घातलेलं दाट नारळ क्रीमही असतं. ते घेतलं तर साखरेचा सगळा हिशेब चुकतो. ‘लाइट’ लिहिलेल्या डब्यात चरबी कमी आणि पाणी जास्त, मग तोंडात विरघळायला काही उरतच नाही. हवाईतल्या कित्येक जुन्या घरांत गोठवलेलं नारळाचं दूध वापरायची सवय आहे, आणि त्याची चव ताज्या नारळाच्या जास्त जवळ जाते. आपल्याकडे ज्यांना ताजा नारळ खवून पहिलं दाट दूध काढता येतं, ते या बाबतीत वेगासच्या हवाईयनांपेक्षा नशीबवान.

आता खरी गोष्ट. ज्या कॉर्नफ्लोअरवर आजची हाउपिया उभी आहे, ते तिच्यात मुळात नव्हतंच.

हवाई बेटांवर माणूस पोचला तो साधारण इसवी सन हजार ते बाराशेच्या आसपास, दक्षिणेकडच्या पॉलिनेशियातून, जोडनावांत बसून, तारे आणि लाटा वाचत. त्या नावांत त्यांनी आपलं शेतच उचलून आणलं होतं: अळूचे कंद, रताळी, ऊस, फणसाच्या जातीतलं नीरफणसाचं रोप, नारळ, आणि पिया. पिया म्हणजे टाका लिओंटोपेटालॉइडिस ही कंद देणारी वनस्पती. ती कोकणातल्या रानांतही पावसाळ्यात उगवते. छत्रीसारखं फाटकं मोठं पान आणि फुलांमधून लोंबणारे लांब दोरे यांवरून ओळखू येते. तिचा कंद कच्चा कडू आणि पोटाला बाधणारा. हवाईतले लोक तो किसत, पाण्यात कालवत, वरचं पाणी ओतून देत, पुन्हा पाणी घालत. कडवटपणा जाईपर्यंत हे चालायचं. तळाशी बसलेला पांढरा साका वाळवला की पियाचं पीठ तयार. ते नारळाच्या दुधात मिसळून, टी नावाच्या झुडपाच्या रुंद पानांत बांधून, इमूमध्ये म्हणजे तापलेल्या दगडांच्या जमिनीखालच्या भट्टीत शिजवत. हाउपियाचं जुनं रूप ते.

तेही सगळ्यांना खायला मिळत नव्हतं. जुन्या हवाईत कपू नावाची कडक निषेधांची व्यवस्था होती. स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवायचं नाही, त्यांचं अन्न एका भट्टीत शिजवायचं नाही, आणि स्त्रियांनी डुकराचं मांस, बहुतेक जातींची केळी आणि नारळ खायचे नाहीत. मोडणाऱ्याला मृत्यूची शिक्षाही होऊ शके. नारळच वर्ज्य म्हटल्यावर नारळाच्या या पदार्थाचं काय होणार ते उघड आहे. पहिला कामेहामेहा राजा १८१९ साली वारला आणि त्याच वर्षाच्या अखेरीला त्याचा मुलगा लिहोलिहो सर्वांदेखत स्त्रियांच्या पंगतीत जाऊन जेवला. त्याला तिथवर आणण्यात दोन स्त्रियांचा हात होता, त्याची आई केओपूओलानी आणि दिवंगत राजाची प्रबळ राणी काआहूमानू. त्या एका जेवणानं निषेधांची जुनी व्यवस्था कोसळली. आज एखादी हवाईयन आजी मुलीला हाउपिया ढवळायला शिकवते, तेव्हा त्या शिकवण्यामागे १८१९ची ती पंगत आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. पदार्थ प्राचीन असला तरी त्यावरचा स्त्रियांचा हक्क जेमतेम दोनशे वर्षांचा आहे, आणि तो त्यांनी मिळवलेला आहे.

पिया मागे का पडली? किसणं, धुणं, वाळवणं यांत दिवस जातात, आणि अमेरिकेहून येणारं कॉर्नफ्लोअर डब्यातून काढलं की तयार. एकोणिसाव्या शतकात बेटांचं सगळं अर्थकारणच बदललं. १८३५ साली कवाई बेटावर कोलोआ इथे उसाचा पहिला टिकलेला मळा सुरू झाला. १८७५ साली अमेरिकेशी करार होऊन हवाईच्या साखरेवरची जकात गेली, आणि उसाची लागवड झपाट्यानं पसरली. साखर पिकवणाऱ्या गोऱ्या मळेवाल्यांचं वजन इतकं वाढलं की १८९३ साली राणी लिलिउओकलानी हिचं राज्य उलथवलं गेलं आणि १८९८ साली अमेरिकेनं बेटं ताब्यात घेतली. हाउपियातली अर्धा कप साखर ही त्या इतिहासातूनच आलेली आहे. तो मळ्यांचा काळ संपला २०१६ साली, माउई बेटावरचा शेवटचा साखर कारखाना बंद झाला तेव्हा.

याच मळ्यांवर राबायला जी माणसं आणली गेली, त्यांनी बेटांच्या गोडधोडाचा सारा तोंडवळा बदलून टाकला. १८५२ पासून चिनी, १८७८ पासून मदेरा आणि अझोर्स बेटांवरचे पोर्तुगीज, १८८५ पासून मोठ्या संख्येनं जपानी, १९०६ पासून फिलिपिनो. पोर्तुगीजांनी मालासादा आणली: यीस्टनं फुगवलेल्या पिठाचा तळलेला, साखरेत घोळलेला गोळा. होनोलुलूत १९५२ साली सुरू झालेल्या लेनर्ड्स बेकरीनं ती घरोघरी पोचवली, आणि आज तिच्या पोटात हाउपियाचं सारणही भरून मिळतं. जपानी मोची आणि फिलिपिनो बिबिंका यांच्या शेजारात बटर मोची जन्मली; चिकट तांदळाचं पीठ, लोणी, अंडी आणि नारळाचं दूध एकत्र करून भाजलेली. ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या टेड्स बेकरीनं चॉकलेटच्या थरावर हाउपियाचा थर चढवून जी पाय केली, ती तर परदेशी पाहुण्यांनाही वेड लावते. मला मात्र हाउपियाला चॉकलेटची सोबत नकोशी वाटते. नारळाचा वास नाजूक असतो. कोको त्याला बोलू देत नाही.

हे सगळं पाहिलं की परमुलखातल्या स्वयंपाकघरात डबा फोडून केलेली हाउपिया ‘खरी’ की ‘नकली’ हा वाद मला पोकळ वाटतो. मूळ पदार्थातला नारळ नावेतून आला, पिया नावेतून आली. नंतर साखर मळ्यातून आली, कॉर्नफ्लोअर जहाजातून. बेटांवर राहिलेल्या आजीच्या हाउपियातसुद्धा पिया नसते. हाताशी जे असेल त्याच्यावर नारळाचं दूध घट्ट करायचं, ही या पदार्थाची पहिल्यापासूनची रीत आहे. वेगासमधली सून तीच पाळते.

पण बेटांचा दुसरा गोड पदार्थ असा कुठेही जात नाही. त्याचं नाव कुलोलो. अळूचा कंद किसायचा, त्यात नारळाचं दूध आणि गूळसर तपकिरी साखर घालायची, आणि टीच्या पानांच्या अस्तरात तासन् तास शिजवायचं. काळपट तपकिरी, दाट, चिवट, कडेला करपल्या साखरेचा खमंगपणा असलेली वडी होते. मला विचाराल तर दोघांत हाच थोर पदार्थ. घाई केली तर मात्र घसा धरतो. अळूत कॅल्शियम ऑक्सलेटच्या सूक्ष्म सुया असतात. आपण अळूच्या फतफत्यात चिंच-आमसूल घालतो ते त्यासाठीच. हवाईत आंबट घालत नाहीत, ते शिजवण्याच्या वेळेवर भरवसा ठेवतात.

हा कालो, म्हणजे आपलाच अळू, हवाईयनांच्या लेखी निव्वळ पीक नाही. त्यांच्या उत्पत्तिकथेत आकाशपुरुष वाकेआ आणि होओहोकूकलानी यांचं पहिलं मूल मृत जन्मलं. त्याला पुरलं त्या जागी अळू उगवला. दुसरं मूल हालोआ, त्याच्यापासून माणसं झाली. म्हणजे अळू हा थोरला भाऊ. धाकट्यानं त्याची निगा राखायची आणि थोरल्यानं धाकट्याला पोसायचं. हवाई विद्यापीठानं अळूच्या तीन संकरित वाणांवर पेटंट घेतलं, तेव्हा लोकांनी विचारलं की भावावर मालकी कशी सांगता? आंदोलन झालं आणि २००६ साली विद्यापीठानं ती पेटंटं सोडून दिली.

त्या भावाला लागतं वाहतं, गार पाणी. ओहोळाचं पाणी पाटानं खाचरात घ्यायचं, अळूच्या मुळांशी खेळवायचं आणि पुन्हा ओहोळात सोडायचं, अशी जुनी शेती. पाणी साचलं, कोमट झालं की कंद कुजतो. उसाच्या मळ्यांनी एकोणिसाव्या शतकापासून डोंगरांतले ओहोळ कालव्यांनी वळवून कोरड्या मैदानांकडे नेले आणि खालची अळूची खाचरं सुकली. पूर्व माउईच्या शेतकऱ्यांनी ते पाणी परत मिळवायला वर्षानुवर्षं दाद मागितली. राज्याच्या जल आयोगानं बऱ्याच ओहोळांना त्यांचा प्रवाह परत देण्याचा निर्णय २०१८ साली दिला. आज हवाईतला बराचसा अळू कवाई बेटावरच्या हनालेईच्या खोऱ्यातून येतो आणि तो तिथल्याच गरजेला पुरत नाही. त्यातला बहुतेक पोईसाठी, म्हणजे कंद उकडून कुटून केलेल्या रोजच्या लगद्यासाठी जातो. कुलोलोला उरतं ते थोडं, म्हणून बाजारात तो आला की लगेच संपतो.

अळू मिळत नाही म्हणजे काय, हे दूर गेलेल्यांनी फार पूर्वी अनुभवलं आहे. १८८९ साली मॉर्मन पंथ स्वीकारलेल्या हवाईयनांनी यूटाच्या वाळवंटात योसेपा नावाची वसाहत केली. हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या त्या माळावर अळू होणं शक्यच नव्हतं. पुढे ओआहूवर लाइए इथे पंथाचं मंदिर बांधायचं ठरलं, तेव्हा लोक परतू लागले आणि १९१७ पर्यंत गाव ओस पडलं.

आजच्या वेगासकराचं तेवढं अडत नाही. आशियाई दुकानांत अळकुड्या मिळतात, त्यांचा कुलोलो होतो. पण त्या जातींचा कंद वेगळा आणि चव हनालेईच्या अळूच्या जवळपास जाते इतकंच. म्हणून बेटांवर जाऊन आलेल्या नातेवाइकाकडे लोक कुलोलोच मागतात. त्यामागे एक व्यवहारी कारणही आहे. घरची हाउपिया गोठवली तर बर्फाचे स्फटिक तिचं जाळं फाडतात; पुन्हा निवळल्यावर पाणी सुटतं आणि वडी स्पंजसारखी रवाळ होते. कुलोलोत पाणी कमी, साखर जास्त, आणि अळूचा गर दाट. तो गोठवला तरी बिघडत नाही. घट्ट गुंडाळून सामानात टाकायचा, घरी पोचल्यावर काप करून वाफ द्यायची. हाउपिया तिकडे कुणीही करून घेऊ शकतं. बॅगेत जागा ठेवायची ती कुलोलोसाठी.